लॅपटॉप बिघडला नाही, कोअरची वाटणी चुकली

बीसीए, बीएस्सी आयटी किंवा डिप्लोमाला मुलगा-मुलगी शिकत असलेल्या घरांतून एक तक्रार सारखी ऐकू येते. कॉलेजने लिनक्सची प्रात्यक्षिके घरी करून आणायला सांगितली, लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स टाकले, त्यात उबुंटू चढवले, आणि आता ते मध्येच गोठते. कधी नुसती काळी खिडकी उरते, कधी अख्खा लॅपटॉप अडकतो आणि बटण दाबून बंद करावा लागतो. केलेले काम गेले, सबमिशन उद्यावर. अब्बा म्हणतात, हप्ते फिटले नाहीत तोवर मशीन खराब झाली. दुकानदार म्हणतो, रॅम वाढवा, नाहीतर नवा घ्या. आणि लॅपटॉप मुलीच्या हातात असेल तर कुणीतरी हमखास म्हणते, हिनेच काहीतरी दाबले असेल.

खिशातून पैसे काढण्याआधी अर्धा तास द्या. बहुतेक वेळा मशीन धडधाकट असते. चुकलेली असते ती वाटणी.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकाच्या पोटात चालणारा दुसरा संगणक. त्याला स्वतःचा प्रोसेसर नसतो, स्वतःची रॅमही नसते. जे काही मिळते ते यजमान लॅपटॉपच्या वाट्यातूनच. कल्पना जुनी आहे. आयबीएमने आपल्या मोठ्या संगणकांसाठी १९७२ मध्ये ही सोय अधिकृतपणे बाजारात आणली. आपल्या मुलांच्या लॅपटॉपवर दिसणारे व्हर्च्युअलबॉक्स २००७ मध्ये आले, पुढे सन कंपनीकडे आणि २०१० पासून ओरॅकलकडे आहे. ते फुकट मिळते, म्हणून कॉलेजेस तेच सांगतात.

आता कोअर. नवीन मशीन तयार करताना ‘प्रोसेसर’ या रकान्यात एक पट्टी येते, काही हिरवी, काही लाल. मूल ती सरळ उजवीकडे ओढते. जास्त कोअर म्हणजे जास्त वेग, असा हिशेब. हाच हिशेब घात करतो.

दावतीचा स्वयंपाक डोळ्यांसमोर आणा. अंगणात दोन चुली आहेत आणि देगा चार. एक देग उतरली की दुसरी चढते, त्यामुळे काम थोडे जास्त निघते. पण देगा चार झाल्या म्हणून चुली चार होत नाहीत. लॅपटॉपमधले खरे कोअर म्हणजे चुली, आणि विंडोज ज्यांना लॉजिकल प्रोसेसर म्हणते त्या देगा. आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या इंटेल आय-३ ११११५जी४ या प्रोसेसरमध्ये खरे कोअर २ आणि लॉजिकल ४ आहेत. मूल ‘४’ वाचते आणि चारही उबुंटूला देते. मग विंडोज, त्याचा अँटीव्हायरस आणि उघडा असलेला ब्राउझर यांनी शिजवायचे कुठे? व्हर्च्युअलबॉक्सच्या स्वतःच्या माहितीपुस्तिकेतही हेच आहे: खऱ्या कोअरपेक्षा जास्त देऊ नका, देगा मोजू नका.

यात नुसता वेग कमी होत नाही. समजा व्हर्च्युअल मशीनमध्ये चार बावर्ची आहेत आणि कोठीची किल्ली एकाच वेळी एकाकडेच असते. किल्ली घेतलेल्या बावर्च्याला यजमानाने मध्येच दुसऱ्या कामावर धाडले. उरलेले तिघे पेटत्या चुलीपुढे हात बांधून उभे. जळण जळते आहे, पण काहीच शिजत नाही. यजमान विंडोजला किल्लीचे काहीच ठाऊक नसते. आतल्या लिनक्सला वाटते प्रोसेसर बंद पडला, आणि ते पडद्यावर ‘सॉफ्ट लॉकअप’ आणि ‘सीपीयू २२ सेकंद अडकला’ अशा अर्थाची ओळ छापते. आत विंडोज असेल तर ‘क्लॉक वॉचडॉग टाइमआउट’ लिहिलेला निळा पडदा येऊ शकतो. हे शब्द वाचून घाबरायला होते. प्रत्यक्षात वाट पाहून थकलेल्या पाहुण्याची ती कुरकुर असते. पाहुण्याकडे एकच कोअर असता तर किल्लीसाठी खोळंबणारे बाकीचे बावर्चीच नसते, म्हणून कमी कोअर दिलेली मशीन पुष्कळदा जास्त सुरळीत चालते.

आपल्या लॅपटॉपचे कोअर मोजायला कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’ आणि मग ‘सीपीयू’. खाली ‘कोअर्स’ आणि ‘लॉजिकल प्रोसेसर्स’ असे दोन आकडे दिसतील. पहिला आकडा धरा आणि त्याचा निम्मा पाहुण्याला द्या. कोअर ४ असतील तर २. कोअर २ असतील तर १, आणि तेवढ्यावर उबुंटूचा सजवलेला डेस्कटॉप रखडतो, कारण तो स्वतःच २ कोअर आणि ४ जीबी रॅम मागतो. अशा वेळी मी झुबुंटूसारखे हलके लिनक्स घ्यायला सांगेन, किंवा खिडक्याच नसलेले उबुंटू सर्व्हर. प्रात्यक्षिकातल्या कमांड तिथेही त्याच असतात. रॅमचाही नियम असाच: लॅपटॉपमध्ये ८ जीबी असेल तर पाहुण्याला ३, फार तर ४.

नव्या लॅपटॉपांत एक वेगळीच गंमत आहे. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून बऱ्याच प्रोसेसरांत कोअर दोन जातीचे असतात, काही दमदार, काही वीज वाचवणारे. आय-५ १२३५यू मध्ये १० कोअर दिसतात, पण त्यातले दमदार फक्त २. दहा दिसले म्हणून सहा-आठ वाटू नका. दोन द्या, फार तर चार, आणि काम करताना चार्जर लावून ठेवा.

आकडे बदलण्याआधी पाहुणी मशीन पूर्ण बंद करायला विसरू नका. नुसती ‘सेव्ह’ करून ठेवलेल्या मशीनचे कोअर बदलता येत नाहीत, पर्याय फिका दिसतो, आणि मुलांना वाटते आणखी काही बिघडले.

एवढे करूनही अडचण राहिली तर ती कशी दिसते ते नीट पाहा. मशीन सुरूच होत नसेल, तर टास्क मॅनेजरच्या त्याच पानावर ‘व्हर्च्युअलायझेशन’पुढे काय लिहिले आहे ते वाचा. ‘डिसेबल्ड’ असेल तर बायॉसमध्ये जाऊन ती सोय चालू करावी लागते. इंटेलमध्ये तिला व्हीटी-एक्स म्हणतात, एएमडीमध्ये एसव्हीएम. मशीन चालता चालता आपोआप ‘पॉज’ होत असेल तर बहुतेक लॅपटॉपची डिस्क भरलेली असते. लग्नाचे व्हिडिओ पेनड्राइव्हवर हलवा, ती पुढे चालू लागेल. आणि ‘गुरू मेडिटेशन’ असे शब्द आले तर हसू नका, तेही खरेच आहे. जुन्या अमिगा संगणकाच्या कारागिरांची ती थट्टा व्हर्च्युअलबॉक्सने उचलली. अर्थ एवढाच की पाहुणा पार कोसळला.

खिडकीच्या खालच्या पट्टीवर हिरवे कासव दिसत असेल तर विंडोजचे स्वतःचे हायपर-व्ही आधीच जागा अडवून बसले आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्या आडून काम करावे लागते आहे. कासव घालवायला ‘मेमरी इंटिग्रिटी’ बंद करा, असा सल्ला मुलांना मित्रांकडून मिळतो. ती विंडोजची एक सुरक्षा आहे. ज्या लॅपटॉपवरून घरातले बँकेचे व्यवहार होतात तिथे ती बंद करण्याच्या मी विरोधात आहे. त्यापेक्षा सरांना विचारा की विंडोजमध्येच चालणारे डब्ल्यूएसएल चालेल का. नुसत्या कमांड शिकायच्या असतील तर ते पुरते, आणि ते हायपर-व्हीशी भांडत नाही.

एक घरगुती कारण राहिलेच. धाकटे भाईजान मोबाइलचे गेम लॅपटॉपवर खेळतात ते ब्लूस्टॅक्समध्ये, आणि तेही एक व्हर्च्युअल मशीनच आहे. त्याच्या सेटिंगमध्येही कोअर वाटलेले असतात. आपा लिनक्स करत असताना मागे ते चालू राहिले, तर एकाच अंगणात दोन दावती लागल्या. खिडकी लपवून चालत नाही, ते बंदच करावे लागते. यासाठी घरात वेळ ठरवून द्यावी लागेल, आणि ती अम्मी-अब्बांनीच ठरवावी.

बदल करताना एका वेळी एकच करा आणि वहीत लिहा: कोअर किती होते, किती केले, त्यानंतर मशीन किती वेळ टिकली. एकदम चार गोष्टी बदलल्या तर नेमके कशाने सुधारले ते कधीच कळत नाही. पाहुण्या मशीनच्या फोल्डरमध्ये ‘लॉग्ज’ नावाचा आणखी एक फोल्डर असतो. त्यातल्या फाइलच्या शेवटच्या ओळी सरांना दाखवल्या तर बंद पडण्याआधी काय घडले त्याचा पुष्कळदा पत्ता लागतो.

आणि व्हर्च्युअल मशीन बंद असतानाही लॅपटॉप आपोआप गोठत असेल, निळा पडदा देत असेल, तर मात्र वाटणीचा दोष नाही. आधी मागची जाळी धुळीने भरली आहे का ते पाहा. मग स्टार्टमध्ये ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ शोधून रॅमची तपासणी चालवा. तपासणीत दोष निघाला तरच दुकानात जा, वही बरोबर घेऊन. दुकानदाराला आधी त्याच्याकडची रॅम लावून तासभर मशीन चालवून दाखवायला सांगा, पैसे त्यानंतर द्या.