विक्री कीं भाडेपट्टा ?

व्हिडिओ गेमच्या घरगुती यंत्रांचा, म्हणजे ज्यांस कन्सोल म्हणतात त्यांचा, इतिहास नेहमीं चढत्या भाजणीनें सांगितला जातो. चित्र अधिक रेखीव झालें, वेग वाढला, यंत्र इंटरनेटला जोडलें गेलें, कीं झाली प्रगति ! प्रत्येक पायरीवर ग्राहकाच्या पदरीं कांहीं पडलें, हें आम्हीही नाकारीत नाहीं. पण त्याच्या हातांतून काय निसटलें, तो खर्चाचा रकाना मात्र हे इतिहासकार कोराच ठेवतात.

१९७२ सालीं अमेरिकेंत विक्रीस आलेलें 'मॅग्नाव्हॉक्स ओडिसी' हें पहिलें कन्सोल आज पाहिलें तर हंसूंच येईल. आवाज नाहीं, रंग नाहीं. पडद्यावर सरकणारे चार-दोन ठिपके, आणि मैदानाचा भास व्हावा म्हणून काचेवर चिकटवावयाचीं रंगीत पारदर्शक पानें! पुढें १९७६ सालीं 'फेअरचाइल्ड चॅनेल एफ'नें खेळ सुट्या कार्ट्रिजमध्यें घालून दिला आणि खेळाला पुस्तकाची कळा आली. तो मित्रास उसना देतां येई, जुन्या बाजारांत विकतां येई. १९९० नंतरच्या दशकांत आपल्याकडील ज्या मुलांनीं शेजारीपाजारीं या 'कॅसेटीं'ची अदलाबदल केली, त्यांस हें निराळें सांगावयास नको. (त्यांतील बहुतेक जपानी मालाच्या नकला होत्या, ही गोष्ट अलाहिदा !)

कुलुपें तेव्हांही होतीं. निंटेंडोनें १९८५ सालीं अमेरिकेंत आणलेल्या यंत्रांतील एक चिप परवानगीवांचून बनविलेलें कार्ट्रिज चालूं देत नसे. पण तें कुलूप कारखान्यांत एकदांच लागलेलें. यंत्र घरीं आल्यावर त्यांत कोणी हात घालीत नसे. यंत्र तारेनें कंपनीशीं जोडलें गेल्यावर मात्र हा हात घरांत शिरला.

सोनीचेंच उदाहरण घेऊं. २००६ सालच्या 'प्लेस्टेशन ३'वर लिनक्स बसवून त्यास संगणकासारखें वापरण्याची सोय होती. ही सोय कांहीं क्षुल्लक नव्हे. अमेरिकन वायुदलानें अशीं सुमारें १,७०० यंत्रें जोडून महासंगणक उभारला. १ एप्रिल २०१० रोजीं कंपनीनें सुरक्षिततेचें कारण दाखवून, नव्या आवृत्तीबरोबर ती सोय काढून घेतली. आवृत्ति नको असेल तर घेऊं नये; मग मात्र कंपनीच्या जाळ्यावर खेळतां येणार नाहीं ! किंमत दोहोंची वसूल केल्यावर ग्राहकास सांगण्यांत आलें कीं, दोहोंतील एक निवड. तंटा न्यायालयांत जाऊन तडजोडीनें मिटला. सोय कांहीं परत आली नाहीं.

यावर उत्तर ठरलेलें आहे : तबकड्यांवर चरे पडतात, आणि विक्रीनंतर सांपडलेले दोष याच तारेनें दुरुस्त होतात. होतात खरे. पण दुरुस्तीस आलेल्या सुतारानें जातांना खिडकी उचलून न्यावी, हा कोठला न्याय ?

आतां तर वस्तूच नाहींशी होत चालली आहे. २०२० च्या 'प्लेस्टेशन ५'ची एक आवृत्ति तबकडीच्या खांचेवांचूनच निघाली. २०२५ च्या 'स्विच २'साठीं निघणाऱ्या कांहीं कार्डांत खेळ नसून केवळ किल्ली असते. खेळ दुकानाच्या संगणकावरून उतरवून घ्यावा लागतो. आणि दुकानाचा भरंवसा काय ? याच निंटेंडोनें 'वी यू' आणि 'थ्रीडीएस' यांचीं दुकानें मार्च २०२३ मध्यें नव्या खरेदीस बंद केलीं. ज्यावर विक्रेत्याचा ताबा उरतो असा डिजिटल माल 'विकत घ्या' म्हणून देणाऱ्यानें आपण केवळ परवाना देत आहों हें स्पष्ट सांगावें, असा कायदा कॅलिफोर्नियाला करावा लागला. तो १ जानेवारी २०२५ पासून अमलांत आहे.

२०१० पूर्वी अमेरिकेंत निघालेल्या खेळांपैकीं ८७ टक्के बाजारांत मिळेनासे झाले आहेत, असें व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनला २०२३ सालीं आढळलें. ते ग्रंथालयांनीं संशोधकांस घरबसल्या उपलब्ध करून द्यावे, ही मागणी तेथील कॉपीराइट कार्यालयानें ऑक्टोबर २०२४ मध्यें नामंजूर केली. लोक ते करमणुकीसाठीं खेळतील, ही एक धास्ती त्यामागें होती. कोणी करमणुकीसाठीं वाचील म्हणून कादंबरी कपाटांत कुलुपबंद ठेवणारा ग्रंथपाल आमच्या तरी पाहण्यांत नाहीं.