दप्तर मिळाले, हक्काचे काय?

केनियात जानेवारीत नवे शालेय वर्ष सुरू होते. त्याआधी दत्तक पालक योजनांतील गरीब मुलांसाठी गणवेश, बूट, वह्या यांची खरेदी होते. परदेशातील दाता पैसे पाठवतो, मूल त्याला आभाराचे पत्र लिहिते. ही मदत खरीच उपयोगाची आहे. २००३ साली तेथे सरकारी प्राथमिक शाळांची फी माफ झाली आणि दहा लाखांहून अधिक मुले नव्याने शाळेत आली. फी गेली, पण गणवेशाचा आणि इतर आकारणीचा खर्च राहिला. गरिबाचे मूल तिथेच अडते.

मात्र २०१० च्या केनियाच्या राज्यघटनेतील कलम ५३ प्रत्येक बालकाला मोफत व सक्तीच्या मूलभूत शिक्षणाचा हक्क देते. इतर शुल्क भरले नाही म्हणून सरकारी शाळेने मुलाला नाकारू नये, असे २०१३ चा शिक्षण कायदा बजावतो. मग ज्याचा फोटो कोणा दात्यापर्यंत पोहोचलाच नाही, त्या शेजारच्या मुलाचे काय? संस्थांनी दप्तर जरूर द्यावे. पण सोबत वस्तीतल्या प्रत्येक पालकाला हे कलमही समजावून सांगावे. दानाचे आभार मानावे लागतात, हक्क मात्र ताठ मानेने मागता येतो!