मुलाखत की मानखंडना?

नोकरी न मिळणे हे दुःख आहे. तो अन्याय असतोच असे नाही. जागा एक आणि उमेदवार शंभर असले म्हणजे नव्याण्णवांनी रिकाम्या हाताने परतावयाचे हे ठरलेलेच. प्रश्न आहे तो त्या नव्याण्णवांना परत कसे पाठविले जाते याचा. मध्य प्रदेशातील पांढुर्णा जिल्ह्यात, सौंसर तालुक्यात बोरगाव नावाचे गाव आहे. तेथील एका मराठी तरुणाची हकीकत अलीकडेच आमच्या कानी आली. संगणकशास्त्राची पदवी घेतलेल्या या मुलाला पुण्यातील एका तंत्रज्ञान कंपनीने सकाळी दहा वाजता मुलाखतीस बोलाविले. आदल्या दिवशी दुपारीच घर सोडून, नागपूरमार्गे रात्रभर प्रवास करून तो वेळेवर हजर झाला आणि दुपारी चार वाजेपर्यंत बाकावर बसून राहिला. आत गेल्यावर पाच मिनिटांत सारे आटोपले. बोरगाव कुठे आले, वडील काय करतात, मध्य प्रदेशातला असून मराठी कसे बोलतोस, हे तीन प्रश्न. चौथा त्याच्या इंग्रजी उच्चारांची टवाळी करणारा. त्याने शिकलेल्या विषयासंबंधी एकही नाही. ‘कळवू’ असे सांगण्यात आले. ते कळविणे अद्याप व्हावयाचे आहे.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर, पुण्यात बसून मुलाखती घेणाऱ्यास तरी, ठाऊक असावयास हवे होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या मध्य प्रदेशातील नागपूर आणि वऱ्हाडचे जिल्हे मुंबई राज्यात आले, छिंदवाडा मात्र मध्य प्रदेशातच राहिला. त्याच छिंदवाड्यातून २०२३ साली पांढुर्णा जिल्हा वेगळा काढण्यात आला. सीमा हलल्या, नकाशे बदलले, पण कित्येक घरांतील बोली मराठीच राहिली. बोरगावला औद्योगिक वसाहत आहे, रेमंडचा कापड कारखाना आहे. परंतु संगणकाची पदवी घेतलेल्यास पोटासाठी नागपूर, पुणे वा हैदराबाद गाठावेच लागते. गोमंतकीय वाचकांस ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही. दोना पावल येथील ‘आयटी हॅबिटाट’चे गाजावाजा करून दाखविलेले स्वप्न ज्यांनी विरताना पाहिले, त्यांची मुलेही पुण्याच्या आणि बेंगळुरूच्या गाड्यांत बसलेली आहेत.

वडील कोण आणि गाव कोणते, एवढेच विचारून मुलाखत संपविण्याचा हा प्रकार नवा नाही. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी १९७९ साली अशाच मुलाखती झाल्या. प्रत्येकी दोन-तीन मिनिटे, आणि चौकशी आईवडिलांची व राहत्या ठिकाणाची! ‘अजय हासिया’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, तोंडी परीक्षेस एकूण गुणांच्या पंधरा टक्क्यांहून अधिक गुण ठेवणे हे मनमानीचे ठरते, असा निवाडा दिला. इतकेच नव्हे, तर मुलाखतींचे ध्वनिमुद्रण व्हावे अशी सूचनाही केली. पुढे केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून ‘क’ गटाच्या व अराजपत्रित ‘ब’ गटाच्या पदांसाठीची मुलाखतच रद्द केली. मुलाखतीच्या दालनात लहर आणि वशिला या दोघांनाही खुर्ची मिळते, ही त्यामागची अगदी उघड समजूत. सरकारी नोकरीत ज्या गोष्टीचा एवढा धसका घ्यावा लागला, ती खाजगी कंपनीत मात्र मालकाच्या मर्जीचा भाग समजली जाते.

कायदा तेथे पोहोचतच नाही. १९५९ च्या कायद्याने पंचवीस वा अधिक कामगार असलेल्या खाजगी आस्थापनांना रिक्त जागा सेवायोजन कार्यालयास कळविणे बंधनकारक केले. तेथूनच माणसे घ्यावीत असे बंधन मात्र घातले नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने त्या कायद्याची जागा घेतली, तरी उमेदवाराला कसे वागवावे याविषयी तीही मूकच आहे.

आणि कंपन्यांना फिकीर कशाची? दारात रांग असते. जुलै २०२४ मध्ये मुंबईत कलिना येथे विमानतळावरील कामांसाठी हजारो तरुण लोटले. त्याच महिन्यात गुजरातेत अंकलेश्वरला मुलाखतीच्या गर्दीने हॉटेलच्या दारचा कठडा कोसळला. फेब्रुवारी २०२३ मध्ये विप्रोने साडेसहा लाखांच्या वार्षिक वेतनाचे आश्वासन दिलेल्या नवपदवीधरांपुढे साडेतीन लाखांचा पर्याय ठेवला. लेखी आश्वासनाची ही किंमत, तर तोंडी ‘कळवू’ची काय असणार? चांगली माणसे निवडण्याची कंपन्यांची गरज आम्हांस मान्य आहे, आणि शेकडो अर्ज चाळणाऱ्या अधिकाऱ्याचा थकवाही आम्ही समजू शकतो. पण नकार कळविणारे दोन ओळींचे पत्र यंत्राकरवी क्षणात हजारांना धाडता येते. ते करणे ज्यांचा धंदाच आहे, त्यांनी तरी वेळ नसल्याची सबब सांगू नये. ध्वनिमुद्रणाचेही तेच. न्यायालयाने सूचना केली तेव्हा त्यासाठी टेपरेकॉर्डर आणावा लागे; आज खिशातला फोन पुरतो.

गोव्याला या विषयात बोलण्याचा विशेष अधिकार आहे. मे २०२४ मध्ये येथील कारखान्यांतील जागांसाठी औषध कंपन्यांनी बोईसरला मुलाखती ठेवल्याचे उघड होताच राज्यात केवढा गदारोळ झाला! तो रास्तच होता. मात्र तेव्हा सारा भर मुलाखत कोठे घेतली यावर राहिला; ती कशी घेतली जाते हे कोणी विचारले नाही. सरकार उद्योगांना जमीन देते, सवलती देते. त्यांच्या अटींतच मुलाखतीची वेळ पाळणे, प्रश्न कामापुरते ठेवणे, दूरच्या उमेदवारास प्रवासखर्च देणे आणि पंधरा दिवसांत लेखी उत्तर पाठविणे ही कलमे घालता येतील. विधानसभेच्या पुढील अधिवेशनात एखाद्या आमदाराने निदान एवढा प्रश्न लावून धरावा : राज्याच्या सवलती घेणाऱ्या किती कंपन्यांनी गेल्या वर्षी मुलाखतीस बोलाविलेल्या प्रत्येक उमेदवारास उत्तर पाठविले?