आज्ञावलीची पारख

सातबाऱ्याचा उतारा आतां यंत्रांतून निघतो, आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकाची नोंदहि खातेदार स्वतः मोबाइलवर ई-पीक पाहणींत करूं लागला आहे. ही सोय मोठीच होय. परंतु कागदावर एका कारकुनानें लिहिलेला आंकडा दुसरा ताडून पाही. यंत्रांत तें काम आज्ञावलीसच करावें लागतें. म्हणून ती लोकांच्या हातीं देण्यापूर्वीं मुद्दाम चुकीचे आंकडे भरून पारखून घेतली पाहिजे, असें आमचें मत आहे.

एक उदाहरण घ्यावें. आपल्या हिंगोली जिल्ह्यांत जमिनीची बोली अद्यापि एकर-गुंठ्यांचीच आहे. सातबारा मात्र हेक्टर-आर मागतो. ३ एकर २० गुंठ्यांचे सुमारें १ हेक्टर ४२ आर होतात. कोणी घाईनें ३.२० असाच आंकडा भरला, तर ताळा नसलेल्या यंत्राच्या लेखीं तें शेत जवळजवळ आठ एकर झालें! आंकडा दिसावयास निर्दोष. गटाच्या क्षेत्राशीं ताडला तरच तो अडेल.

तेव्हां पारख अशी व्हावी. क्षेत्र १.४२ असतां प्रथम १.४२ भरावें, मग १.४३, पहिलें स्वीकारलें जावें, दुसरें अडावें. शून्य भरावें, रकाना रिकामा ठेवावा, आंकड्याच्या जागीं अक्षर लिहावें. खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या क्षेत्राशीं जुळते कीं नाहीं, तेंहि पाहावें. तितकेंच महत्त्वाचें हें कीं, खरी नोंद अडतां कामा नये. सोयाबीनांतील तुरीचें आंतरपीक यंत्रानें नाकारलें, तर प्रामाणिक शेतकरीहि खोटें लिहावयास शिकेल. नोंद अडलीच, तर कां अडली हें सोप्या मराठींत सांगितलें जावें.

अर्थात् हळदीच्या जागीं सोयाबीन लिहिलें, तर कोणतीहि बेरीज तें ओळखणार नाहीं. तेथें बांधावर जाणारा माणूसच हवा.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ खालीं लेखनप्रमाद दुरुस्त होतो, हें खरें. परंतु अर्ज, नोटीस व हेलपाटे यांत हंगाम निघून जातो; पीककर्ज व विमा यांची मुदत कोणासाठीं थांबत नाहीं. सबब नवी आज्ञावली सुरू होण्यापूर्वीं प्रत्येक तालुक्यांतील कांहीं खातेदारांसमक्ष, त्यांच्याच सातबाऱ्यांवर, ही पारख व्हावी, असा ठराव ग्रामसभांनीं करून तहसील कचेरीकडे धाडावा. पेरणीपूर्वीं बियाण्याची उगवण पाहणाऱ्या शेतकऱ्यास ही मागणी अवाजवी वाटणार नाहीं.