दुकानाची वही आणि घराची वही

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला जमाखर्चाचा एक सिद्धांत अगदी आरंभी शिकविला जातो : मालक आणि व्यवसाय यांचे अस्तित्व भिन्न असते. मालकाने घातलेले भांडवल हे दुकानाने मालकाला द्यावयाचे देणे होय, आणि मालकाने घरासाठी नेलेली रक्कम ‘उचल’ या खात्यावर लिहिली गेली पाहिजे. आपल्या जुन्या पेढ्यांवरील मुनीमांना हे शिकविण्याची गरज नव्हती. मालकाच्या घरी तेलाचा डबा गेला तरी तो घरखर्च खात्याच्या नावे पडत असे. आज हिशेब संगणकावर आले, जीएसटीची विवरणपत्रे वेळेवर जाऊ लागली. परंतु संध्याकाळी गल्ल्यातून घरी जाणाऱ्या रकमेची नोंद पुष्कळ दुकानांत होत नाही. मार्चअखेरीस लेखापाल ‘उचल’ म्हणून एक अंदाजी आकडा मांडतात आणि कुटुंबप्रमुख तो तिथेच प्रथम वाचतात.

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. दुकान आपलेच, घरही आपलेच. याचे उत्तर एका उदाहरणाने पाहू. एका मध्यम दुकानात ४० लाखांचा माल आहे, २५ लाखांची उधारी येणे आहे. व्यापाऱ्यांचे देणे १८ लाख आणि बँकेचे कॅश क्रेडिट ३० लाख. ताळेबंदाप्रमाणे मालकाचे १७ लाख शिल्लक राहतात. घरखर्च दरमहा ६० हजार धरला, तर दुकान बंद पडल्यास ही शिल्लक सव्वादोन वर्षे पुरेल असे वाटते.

आता हेच दुकान कर्त्या पुरुषाच्या आजारपणामुळे वा निधनामुळे घाईने आवरावे लागले असे समजा. पडत्या भावात माल निम्म्या किमतीला जातो. म्हणजे २० लाख. उधारीपैकी १५ लाख वसूल झाले तरी नशीब. हाती आले ३५ लाख, देणे मात्र ४८ लाखांचे. उरलेले १३ लाख कोठून येणार? दुकान एकट्याच्या मालकीचे असेल तर कायदा मालक आणि दुकान यांच्यात भेद करीत नाही. भागीदारी पेढीतही भागीदाराची जबाबदारी अमर्याद असते. त्यात राहते घर बँकेकडे तारण असेल, तर उत्तर उघड आहे. बाजारात ज्यांच्या शब्दाला लाखोंचे मोल होते, त्यांच्या पत्नीला सहा महिन्यांत घर सोडण्याचा विचार करावा लागतो. आणि बँकेतील अनुभवाने सांगतो, देणी किती आणि कोणाची हे त्या माउलीला बहुधा तेव्हाच कळते.

म्हणून आर्थिक स्वावलंबनाची व्यापारी कुटुंबापुरती व्याख्या अशी करावी : दुकानाचे शटर न उघडताही घराची चूल किती काळ पेटेल? वार्षिक उलाढाल हे त्याचे माप नव्हे. नोकरदाराच्या वेतनातून भविष्य निर्वाह निधी कापला जातो, त्यामुळे त्याची बचत आपोआप होते. व्यापाऱ्याची कपात कोणी करीत नाही. ती त्याने स्वतःच करावयाची असते.

पहिली पायरी म्हणजे ठरलेली उचल. दुकानाच्या खात्यातून दरमहा एका निश्चित तारखेला ठरावीक रक्कम घरखात्यात वर्ग करावी. हे खाते पती-पत्नींच्या संयुक्त नावावर असावे आणि घरखर्च त्यातूनच व्हावा. दुकानात राबणाऱ्या मुलालाही रास्त वेतन द्यावे, ते त्याच्या खात्यात जमा व्हावे. तीस वर्षांच्या विवाहित मुलाने प्रत्येक खर्चासाठी वडिलांच्या गल्ल्याकडे पाहावे, यात ना त्याचे हित आहे ना सुनेचा मान.

दुसरी पायरी म्हणजे सहा महिन्यांच्या खर्चाइतकी मुदत ठेव. ती दुकानाच्या कर्जाला तारण देऊ नये. ठेवीवरील विमा २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदारामागे, व्याज धरून, ५ लाख रुपयांपर्यंत आहे, हे ध्यानी घेऊन बँकांची निवड करावी.

तिसरी पायरी म्हणजे धनकोंच्या हातापलीकडचा निधी. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी १९६८ पासून चालत आलेला आहे. मुदत १५ वर्षे, वार्षिक मर्यादा दीड लाख. त्यातील शिल्लक न्यायालयाच्या हुकूमनाम्याने जप्त होत नाही. दुसरे साधन म्हणजे १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा. त्याच्या सहाव्या कलमाप्रमाणे पतीने स्वतःच्या आयुष्याचा विमा पत्नी व अपत्यांच्या हितासाठी उतरविला, तर ती रक्कम विश्वस्त निधी ठरते. पतीच्या धनकोंना तिच्यावर हक्क सांगता येत नाही. १९२३ च्या दुरुस्तीमुळे हे कलम जैन कुटुंबांनाही लाभले. मात्र विमा उतरवितानाच तसे नमूद करावे लागते, आणि धनकोंना फसविण्याच्या हेतूने हप्ते भरले असतील तर संरक्षण अपुरे पडते. सचोटीच्या व्यापाऱ्याने चांगल्या काळातच ही तजवीज करून ठेवावी.

आता प्रश्न उरतो : किती साठवावे? येथे अर्थशास्त्राच्या आधी आपले आगमच मदतीला येतात. श्रावकाच्या पाच अणुव्रतांतील शेवटचे व्रत परिग्रह-परिमाणाचे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात क्षेत्र आणि वास्तू, हिरण्य आणि सुवर्ण, धन आणि धान्य अशा जोड्यांनी मर्यादेच्या उल्लंघनाचे प्रकार सांगितले आहेत. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात या व्रताला इच्छापरिमाण असेही नाव दिले. या व्रतातील व्यवहार पाहावा. मर्यादा घालण्यापूर्वी मोजावे लागते. जमीन किती, सोने किती, धन किती हे लिहावे लागते. ज्याने कधी मोजलेच नाही, तो व्रत घेणार कशाचे?

स्वावलंबनाचे गणितही असेच मर्यादेपासून सुरू होते. ज्या घराचा वार्षिक खर्च ७ लाख २० हजार आहे, त्याला ढोबळ मानाने त्याच्या २५ पट, म्हणजे १ कोटी ८० लाख, दुकानाबाहेर असावे लागतात. खर्च दीडपट वाढविला की हा आकडा २ कोटी ७० लाखांवर जातो. महागाई दरसाल ६ टक्के राहिली तर खर्च १२ वर्षांत दुप्पट होतो, ते वेगळेच. ‘पुरे’ म्हणण्याची रेषाच ज्याने आखली नाही, त्याचे स्वावलंबन मिळकतीबरोबर पुढे पुढे सरकत राहते.

दानाच्या बाबतीतही एक शब्द नम्रपणे लिहितो. पंचकल्याणकात उत्साहाने बोललेली बोली पुष्कळदा कॅश क्रेडिट खात्यातून फेडली जाते. ती रक्कम बँकेची असते, आणि तिच्यावर व्याज चढत असते. दान आपल्या शिलकीतून व्हावे. घरखात्यात दानाचा वेगळा वाटा दरमहा काढून ठेवला, तर बोली लहान होईल कदाचित, पण ती निर्मळ असेल. लग्नकार्यालाही हाच नियम लागू.

येत्या रविवारी दुकानाला सुट्टी असेल. दुपारी पत्नीसह बसून एका कागदावर तीन आकडे लिहावेत : घराचा खरा मासिक खर्च, दुकानाची एकूण देणी, आणि दुकानाबाहेर असलेला, कोठेही तारण नसलेला पैसा. तिसऱ्या आकड्याला पहिल्याने भागावे. येणारे उत्तर म्हणजे आपल्या कुटुंबाच्या स्वातंत्र्याचे महिने. ते थोडे निघाले तर खिन्न होऊ नये. त्याच कागदावर ठरलेल्या उचलीची रक्कम आणि तारीख लिहावी, आणि कागद पत्नीच्या कपाटात ठेवावा.