परसबाग : टोमॅटोची रोपं आणि मे महिन्यातल्या थंड रात्री



पाडवा झाला, फोरसिथियाची पिवळी फुलं येऊन गेली आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या बेसमेंटमध्ये ट्यूबलाइटखाली टोमॅटोची रोपं वीतभर उंच झाली आहेत. दोन दिवस चांगलं ऊन पडलं की हात शिवशिवायला लागतात. त्यातच एका भगिनींचा फोन आला. त्यांचे सासरे नाशिककडचे, सहा महिन्यांसाठी आले आहेत. त्यांनी मार्चपासून चाळीस रोपं वाढवली आहेत आणि रोज विचारतात, "आता लावू का?" परतीचं तिकीट ऑगस्टअखेरचं. आपल्या हातचा टोमॅटो खाऊन जाता येईल ना, एवढीच त्यांची काळजी.

आजोबांना सांगा, नक्की येईल. बहुतेक जातींना रोप जमिनीत लावल्यापासून साठ ते ऐंशी दिवसांत फळ धरून पिकतं. मेच्या मध्याला लावलं तरी जुलैअखेर पहिले टोमॅटो हातात येतात. उलट थंड मातीत घाईनं लावलेलं रोप नुसतं बसून राहतं, आणि दोन आठवडे उशिरा लावलेलं त्याला सहज गाठतं. माती निदान ६० अंश फॅरनहाइट (साधारण १६ सेल्सिअस) झाली की लावावं. स्वयंपाकघरातला थर्मामीटर सकाळी चार इंच खोल खुपसून बघा.

टोमॅटो मूळचा दक्षिण अमेरिकेतला, थंडीची सवय नसलेला. त्याला दोन पातळ्यांवर त्रास होतो. ५० अंशांच्या (१० सेल्सिअस) खाली पारा बराच वेळ राहिला की पेशींच्या पडद्यांमधली स्निग्ध द्रव्यं घट्ट होऊ लागतात. हिवाळ्यात खोबरेल तेलाच्या बाटलीचं जे होतं, साधारण तसंच. मग मुळं पाणी नीट ओढत नाहीत, पानं जांभळट पडतात, वाढ थांबते. पण रोप मरत नाही. ३२ अंशांना मात्र खेळ संपू शकतो. पेशींच्या मधल्या जागेत बर्फ धरतो, तो पेशींतलं पाणी शोषून घेतो आणि पडदे फाटतात. सकाळी पान उकडलेल्या पालकासारखं दिसतं ते त्यामुळे.

न्यू जर्सीत शेवटचा फ्रॉस्ट एप्रिलच्या उत्तरार्धापासून मेच्या मध्यापर्यंत, गावागणिक वेगवेगळ्या दिवशी पडतो. ही झाली सरासरी. ९ मे २०२० रोजी, ऐन मदर्स डेच्या आदल्या दिवशी, ईशान्य अमेरिकेत कडाक्याची थंडी पडली, काही ठिकाणी बर्फही पडला. १८ मे २०२३ च्या पहाटे न्यूयॉर्क राज्यातल्या द्राक्षबागा आणि व्हरमाँटमधली सफरचंदं थंडीनं मारली. म्हणून मे संपेपर्यंत जुन्या चादरी हाताशी असू द्याव्यात.

धोक्याची रात्र ओळखायची कशी? आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि हवा कोरडी असेल तर सावध व्हा. दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आकाशाकडे सोडते. ढग असले तर त्यातली बरीच परत मिळते, निरभ्र रात्री ती निघून जाते. अशा वेळी जमिनीलगतची हवा डोक्याच्या उंचीवरल्या हवेपेक्षा थंड असते. त्यामुळे टीव्हीवर ३६ सांगितले तरी पानावर दहिवर गोठू शकतं. 'फ्रॉस्ट ॲडव्हायजरी' असं ऐकलं की कामाला लागा.

काम सोपं आहे. दुपारी मातीला पाणी द्या; ओली माती जास्त उष्णता साठवते आणि रात्री ती वर सोडते. पेंढ्याचं किंवा लाकडाच्या भुशाचं आच्छादन इतक्यात घालू नका. त्यानं मातीतली ऊब खालीच अडकते. सूर्यास्ताच्या सुमाराला रोपाभोवती चार काठ्या रोवून वर चादर टाका. ती जमिनीपर्यंत टेकली पाहिजे आणि कडांवर विटा ठेवल्या पाहिजेत. आपल्याला जमिनीतून येणारी ऊब कोंडायची आहे. रोपाच्या शेंड्याला फडकं गुंडाळून बुंध्याशी बांधलं तर उपयोग शून्य. पातळ प्लास्टिकमधून उष्णतेचे किरण बरेचसे निसटतात, आणि ते पानाला चिकटलं तर तिथेच पान गोठतं. तेव्हा चादर बरी. एकटंदुकटं रोप असेल तर बूड कापलेला दुधाचा गॅलनचा कॅन उपडा घाला.

दुसरे रिकामे कॅन पाण्यानं भरून चादरीच्या आत ठेवा. एक गॅलन म्हणजे सुमारे ३.८ किलो पाणी. ते ६८ अंशांवरून ३२ वर येताना साधारण ७६ किलोकॅलरी उष्णता सोडतं. आणि गोठलं तर आणखी तीनशे, म्हणजे चौपट! पाणी गोठताना ऊब देतं हे ऐकायला विचित्र वाटतं, पण फ्लोरिडातले बागायतदार थंडीत पिकावर पाण्याचे फवारे सोडतात ते याच जोरावर.

निफाडकडे कडाक्याच्या थंडीत द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात, तसं इथे करू का, असंही आजोबांनी विचारलं आहे. कृपया नको. इथे अंगणात उघड्यावर जाळ करण्यावर निर्बंध आहेत, आणि छोट्याशा बागेत एका शेकोटीची ऊब सरळ वर निघून जाते. चादरीखाली हीटर किंवा कंदील तर मुळीच ठेवू नका. दिवाळीच्या माळा जुन्या, तापणाऱ्या बल्बच्या आणि बाहेर वापरायच्या असतील तर थोडी मदत होते, पण दिवा कापडाला टेकता कामा नये. एलईडीच्या माळांनी फक्त शोभा वाढेल.

सकाळी ऊन वर आलं की चादर काढा, नाहीतर आत भट्टी होते. एखादं रोप गारठलंच तर लगेच उपटू नका. चार दिवस थांबा. खोड हिरवं असेल तर पानाच्या बेचक्यातून नवी फूट येते.

आणि हो, लावण्याआधी आठ-दहा दिवस रोपांना रोज थोडा थोडा वेळ बाहेर ठेवून हवेची सवय करा. पहिल्या दिवशी सावलीत तासभर पुरे. लावताना खालची पानं काढून खोड खोल पुरा. टोमॅटोच्या खोडालाही मुळं फुटतात.

जातीचं म्हणाल तर १९३४ साली इथल्याच विद्यापीठानं बाजारात आणलेली 'रट्गर्स' मला आवडते. सार, कोशिंबीर दोन्हीला चालते. मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला जास्तीची रोपं जरूर आणा, चिठ्ठीवर जातीचं नाव लिहून. आजोबांची चाळीस रोपं एका अंगणात मावणार नाहीत. ज्यांना हवी त्यांनी त्यांच्याकडूनच घ्यावीत, म्हणजे चार गोष्टी शिकायलाही मिळतील.