बंदी वाटेवर की माणसावर?

पावसाळा लागला की थेरगावच्या डांगे चौकातून पहाटेच दुचाक्या मावळाकडे निघतात. त्याच सुमारास जिल्हा प्रशासनाचा मनाई आदेशही निघतो. लोक मरतात, तेव्हा गड आणि धबधबे बंद ठेवा, असं त्यामागचं म्हणणं. त्यात तथ्य नाही असं कोण म्हणेल? ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं गेली, त्यांत लहान मुलं होती. ‘डोंगर कुणाच्या बापाचा नाही’ अशी आरोळी ठोकणाऱ्यांनी ही बातमी पुन्हा एकदा वाचावी. रील पाहून वाट ठरवायची आणि पन्नास जणांचे पैसे घेऊन म्होरक्या व्हायचं, याला गिर्यारोहण म्हणत नाहीत.

पण आदेशाने माणूस वाचतो, हे कुणी ठरवलं? १५ जून २०२५ ला कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा लोखंडी पूल कोसळला आणि चार जण दगावले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होताच. नव्हता तो लोकांना पुलावर जाण्यापासून अडवणारा माणूस.

दुसरी गोष्ट अशी की, सरसकट बंदीला वाटावाटांतला फरक दिसत नाही. भाज्यातून वर आलं की गायमुख खिंड लागते. उजवीकडे लोहगड, डावीकडे विसापूर. लोहगडाला थेट माथ्यापर्यंत बांधीव पायऱ्या आणि एकामागोमाग एक दरवाजे. तिथला धोका गर्दीचा. २०२३ च्या पावसाळ्यात एका रविवारी तिथे लोक तासन्‌तास पायऱ्यांवर अडकून पडले होते. विसापूरला मात्र घळीतून चढणारी वाट आहे. आषाढात त्या घळीतल्या पायऱ्यांवरूनच पाणी धावतं, दगडांवर शेवाळ धरतं. चढताना पाय चाचपून ठेवता येतो. उतरताना फेसाखाली पायरी आहे की फट, ते कळत नाही. घसरतात ती बहुधा उतरणारी माणसं. म्हणजे लोहगडाला हवी माणसांची मोजदाद, विसापूरच्या घळीला हवी पाऊस पाहून घातलेली खरी अडवणूक. दोन्हींवर एकच कुलूप लावलं की सरळमार्गी माणूस घरी बसतो आणि आडदांड माणूस ढोरवाटेने वर जातो, जिथे त्याला शोधायलाही कुणी नसतं.

प्रस्तरारोहकांचं तर वेगळंच. तैलबैलाच्या भिंती, ड्यूक्स नोज, लिंगाणा इथे जाणते लोक पाऊस सरून कातळ वाळल्यावरच दोर लावतात; पावसाळी बंदीचा त्यांना जाच नाही. त्यांचा प्रश्न हिवाळ्यातला: कातळातली मेख कुणी ठोकली, कधी तपासली, गंजली तर काढणार कोण? याबद्दल एकही मनाई आदेश बोलत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की, बंद करायचा तो गड नव्हे, वाट. आणि तीही तिथल्या माणसाच्या हाताने. प्रत्येक वाटेची श्रेणी पायथ्याला लिहावी: खोल दरीचं दृष्टिभय कुठे, घसारा कुठे, पाण्याचा मार्ग कुठला. खिंडीत गावातला वाटाड्या रोजंदारीवर बसवावा आणि वाट बंद करायचा अधिकार त्याला लेखी द्यावा. अपघात झाला की लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रचे स्वयंसेवक रात्री-अपरात्री दरीत उतरतात. अपघातानंतर ज्यांच्या शब्दावर सारी यंत्रणा हलते, त्यांचा सल्ला आदेश काढण्याआधी का घेऊ नये?

पैसा कुठून, असं विचारतील. लोहगडावर पुरातत्त्व खात्याचं तिकीट आहे. पायथ्याला वाहनतळाचे पैसे घेतले जातात. पिंपरी-चिंचवड पिते त्यातलं बहुतेक पाणी पवना धरणाचं, याच डोंगरांतलं. तेव्हा दोन-चार वाटाड्यांच्या रोजाला महापालिकेनेही हातभार लावायला हरकत नाही. फक्त हे वाटाडे शनिवार-रविवारपुरते नेमू नयेत. आमच्या पिंपरी-चिंचवडकडच्या पुष्कळ कारखान्यांना सुट्टी असते गुरुवारी.